मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पायात गुठळी होऊ नये म्हणून : नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

ब्रेन हॅमरेजच्या रुग्णाच्या माणसांशी पहिले दोन दिवस सगळं बोलणं डोक्याभोवती फिरतं. सूज किती, ऑपरेशन लागेल का, शुद्ध कधी येईल. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "पायाला ही हवेची मशीन कशाला लावलीय?" आणि चौथ्या दिवशी तोच माणूस पोटात दिलेल्या इंजेक्शनचं नाव मोबाइलवर शोधून, चेहरा पांढराफटक करून दारात उभा राहतो. या दोन क्षणांच्या आगेमागे जे प्रश्न हटकून येतात, ते इथे घेतले आहेत. तुमच्या रुग्णाचं सीटी स्कॅन आम्ही पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांचा शब्द शेवटचा.

मेंदूत रक्त सांडलं म्हणजे रक्त पातळ असणार. मग त्याच माणसाला गुठळी कशी होईल?

नळ फुटला म्हणून पाणी पातळ ठरत नाही. बहुतेक वेळा दोष रक्तात नसतो, नळीत असतो. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक धमन्या जीर्ण होतात, किंवा उतारवयात त्यांच्या भिंतीत एक प्रकारचं प्रथिन साचून त्या ठिसूळ होतात, आणि एक दिवस एखादी फुटते. रक्ताची गोठण्याची ताकद मात्र शाबूत असते. (रक्त पातळ ठेवणारी गोळी आधीपासून चालू असेल तर गोष्ट वेगळी. ती खाली येईल.)

गुठळी कशाने होते याचं उत्तर रुडॉल्फ व्हर्खो या जर्मन डॉक्टरांच्या १८५६ मधल्या लिखाणापर्यंत मागे जातं, आणि आजही विद्यार्थ्यांना तेच शिकवतात : रक्त एका जागी तुंबलं, रक्त गोठायला जास्त उतावीळ झालं, किंवा शिरेच्या आतल्या अस्तराला इजा झाली. यातली एखादी गोष्टही पुरते. ब्रेन हॅमरेजच्या रुग्णात बऱ्याचदा तिन्ही एकत्र येतात. पाय हलत नाही, म्हणून रक्त तुंबतं. पोटरीचे स्नायू चालताना शिरांना पिळून रक्त वर ढकलतात, त्यांना 'दुसरं हृदय' म्हणतात ते उगाच नाही. लकव्याच्या पायात ते बंद पडलेलं असतं. एवढी मोठी इजा झाल्यावर शरीर आपणहून गोठवण्याची सामग्री वाढवतं. त्यात मानेच्या, दंडाच्या किंवा जांघेच्या शिरेत टाकलेली नळी असली की अस्तरालाही टोचणी लागते. आधीच्या गोळीचा परिणाम उलटवायला गोठण घटकांचं इंजेक्शन द्यावं लागलं असेल, तर गुठळीकडे कल आणखी थोडा झुकतो.

पायात गाठ झाली तर पाय सुजेल. त्यात जिवावर बेतण्यासारखं काय आहे?

पायातच राहिली तर फारसं नाही. पोटरीतल्या बारीक गुठळ्या पुष्कळदा आपोआप विरघळूनही जातात. भीती असते ती गुडघ्याच्या वर, मांडीच्या आणि जांघेच्या मोठ्या शिरेत धरलेल्या गुठळीची. तिचा तुकडा सुटला तर पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत सगळं संपतं.

डोक्यातून वाचलेला माणूस, बोलायला लागलेला, दोन दिवसांत वॉर्डात जाणार असलेला, आणि सकाळी बिछान्यावर बसवताना अचानक धाप लागून कोसळलेला. असा एक जरी पाहिला की पायांकडे दुर्लक्ष होत नाही.

हा धोका कधी जास्त असतो?

इथेच सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दोन घड्याळं चालू असतात. पहिलं मेंदूतल्या रक्ताचं. रक्तस्राव सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत तो वाढण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत स्कॅन झालेल्या १०३ रुग्णांचा पुन्हा स्कॅन केला गेला. २६ टक्क्यांमध्ये तासाभरातच रक्ताचा गोळा ठळकपणे वाढला होता, आणखी १२ टक्क्यांमध्ये साधारण २० तासांपर्यंत. पुढे हे घड्याळ मंदावतं. एक-दोन दिवसांनी बहुतेकांचा गोळा स्थिर असतो.

दुसरं घड्याळ पायाचं. ते उलट चालतं. पहिल्या दिवशी जवळपास शांत, दुसऱ्या दिवसापासून टिकटिक सुरू, पहिल्या आठवड्यात जोरात, आणि माणूस नीट चालायला लागेपर्यंत बंद होत नाही. पायातली गुठळी फुप्फुसात जाण्याचे प्रकार त्यानंतरच्या आठवड्यांतही होतात.

पायाला दाब देणारी हवेची मशीन पहिल्याच दिवशी आणि गुठळी धरू न देणारं पोटातलं इंजेक्शन दोन दिवसांनी का, याचं कारण ही दोन घड्याळं. मशीन मेंदूला काही करत नाही, म्हणून थांबायचं कारण नाही. इंजेक्शनासाठी पहिलं घड्याळ शांत व्हायची वाट पाहावी लागते, पण दुसरं फार पुढे जाण्याआधी.

कुणाला जास्त भीती?

पाय पूर्ण लुळा पडलेल्याला, बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्याला, आधी कधी गुठळी होऊन गेलेल्याला, कर्करोग असलेल्याला, वजन फार असलेल्याला, वय झालेल्याला. मेंदूतला गोळा जितका मोठा तितके अंथरुणातले दिवस जास्त, म्हणून तोही हिशोबात येतो.

पायांना गुंडाळलेल्या त्या फुगणाऱ्या पट्ट्या नेमकं काय करतात?

पोटरीचं काम. दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळतात, त्यांच्या नळ्या पलंगाच्या टोकाला लटकवलेल्या पंपाला जोडतात. पंप ठरावीक अंतराने पट्टीत हवा भरतो, घोट्याकडून वर असा क्रमाने दाब देतो, मग सोडतो. पाय स्वतः चालत नाही म्हणून बाहेरून चालवल्यासारखं. कानाला ते सुस्काऱ्यासारखं ऐकू येतं. दोन रात्रींनंतर त्याचा आवाज आला नाही तरच जाग येते, असं सोबतीला राहणारे सांगतात.

या साध्या दिसणाऱ्या यंत्रामागे भक्कम पुरावा आहे. 'क्लॉट्स ३' नावाचा ब्रिटनमधला अभ्यास २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्ट्रोकमुळे चालू न शकणारे २८७६ रुग्ण घेतले. निम्म्यांना पट्ट्या लावल्या, निम्म्यांना नाही. महिन्याभरात मांडीच्या मोठ्या शिरेत गुठळी झालेले रुग्ण : पट्ट्या नसलेल्यांत १२.१ टक्के, पट्ट्या असलेल्यांत ८.५ टक्के. त्यातले मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण वेगळे काढले तर फरक आणखी डोळ्यांत भरतो, १७ टक्के विरुद्ध ६.७ टक्के. रक्तस्रावाचा गट लहान होता, तेव्हा नेमक्या आकड्यांवर फार जोर देऊ नये. पण कल कुठे आहे ते स्पष्ट आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०२२ च्या सूचनाही चालू न शकणाऱ्या रुग्णाला निदान झाल्या दिवसापासूनच या पट्ट्या लावा असं ठामपणे सांगतात.

लकवा एकाच पायाला आहे. दुसऱ्यालाही पट्टी कशाला?

चांगला पायसुद्धा अंथरुणातच पडून आहे. लुळ्या पायात गुठळी जास्त होते हे खरं, पण दुसरा सुरक्षित असतो असं नाही. दोन्ही.

त्यांना रात्री झोप लागत नाही. मशीन रात्रीपुरती बंद ठेवू का?

नको. यंत्राचा फायदा ते चालू असेपर्यंतच. औषधासारखं ते अंगात साठून राहत नाही.

खरं सांगायचं तर या उपायाचा सर्वांत मोठा शत्रू दुष्परिणाम नाही, विसराळूपणा आहे. रुग्णाला स्कॅनसाठी खाली नेतात, नळ्या सोडतात. परत आणतात, मॉनिटर लागतो, सलाइन लागतं, कूस बदलली जाते, आणि पट्ट्या पायाला तशाच, नळ्या लोंबकळत, पंप पलंगाखाली मुका. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं मशीन लावलेली आहे. कधी नळी पलंगाच्या कठड्यात चेमटून बसलेली असते, कधी अंघोळीच्या वेळी काढलेली पट्टी उशाशी घडी करून ठेवलेली सापडते. नातेवाईक म्हणून एक सवय लावून घ्या : भेटायला गेलात की आधी चेहरा पाहा, मग पांघरूण बाजूला करून पाय पाहा. पट्टी फुगतेय का? नसेल तर सिस्टरना तिथल्या तिथे सांगा. यात कुणाची चहाडी होत नाही.

अंग पुसताना, फिजिओ पाय हलवत असताना, चालवताना काढायची, तेवढ्यापुरतीच.

पट्टीने पायाला जखम होते का?

होऊ शकते, थोड्यांना. वरच्याच अभ्यासात पट्ट्या लावलेल्यांपैकी ३ टक्के लोकांच्या पायाची कातडी सोलवटली, न लावलेल्यांत १ टक्का. म्हणून रोज पट्टी उघडून टाच, नडगी, घोट्याची हाडं बघतात. पट्टीत दोन बोटं शिरतील इतपत ढील हवी. पायाच्या धमन्या फार अरुंद झालेल्या असतील, पायावर उघडी जखम असेल, हृदयाच्या दुबळेपणामुळे पाय फार सुजलेले असतील, तर पट्ट्या लावत नाहीत. आणि पायात गुठळी आधीच झालेली असेल तर त्या पायाला नक्कीच नाही.

मग ते घट्ट पांढरे मोजेच का घालत नाही? तेही गुठळीसाठीच असतात ना?

असतात, पण या रुग्णांत ते चालत नाहीत. हे कळायला २००९ साल उजाडावं लागलं. 'क्लॉट्स १' या अभ्यासात २५१८ स्ट्रोकच्या रुग्णांपैकी निम्म्यांना मांडीपर्यंतचे दाबाचे मोजे घातले. गुठळ्या झाल्या मोजेवाल्यांत १० टक्के, बिनमोजेवाल्यांत १०.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. उलट कातडीचे फोड, जखमा १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर गेल्या. ऑपरेशननंतरच्या इतर रुग्णांवरून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की इथेही उपयोग होईल. गृहीतक चुकलं. तरीही मोजे अजून कुठे कुठे दिसतात, कारण जुनी सवय आणि लावायला सोपे. फक्त मोजे घातलेले दिसले तर "पंपाची मशीन मिळेल का?" असं विचारायला हरकत नाही.

मेंदूत रक्तस्राव झालेल्याला रक्त पातळ करायचं इंजेक्शन? तुम्ही चुकून तर देत नाही ना?

हा प्रश्न जितक्या रागाने येतो तितकाच तो रास्त असतो. एक मुलगी वडिलांच्या उशाशी उभी राहून थरथरत म्हणाली होती, "डॉक्टर, बाबांचं रक्त थांबवायला आणलंय आम्ही त्यांना, आणि तुम्ही हे देताय?" तिला जे सांगितलं तेच इथे.

'रक्त पातळ' हा शब्दच गैरसमज करून देतो. हिपॅरिन किंवा त्याच्या कुळातलं एनॉक्सापॅरिन रक्तात पाणी मिसळल्यासारखं काही करत नाही. आपल्या रक्तात गोठणं आवरणारं एक नैसर्गिक प्रथिन असतंच; हे औषध त्याचा हात बळकट करतं. झालेली गुठळी ते विरघळवत नाही, नवी धरू देत नाही किंवा असलेली वाढू देत नाही.

दुसरं म्हणजे मात्रा. बचावाची मात्रा आणि उपचाराची मात्रा यांत मोठं अंतर आहे. एनॉक्सापॅरिन बचावासाठी सहसा दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम देतात. गुठळी झाल्यावर उपचारासाठी दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. साठ किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला १२० मिलिग्रॅम. एक तृतीयांश मात्रा शिरांमधलं गोठणं आवरायला पुरते, आणि मेंदूत स्थिर झालेल्या गोळ्यावर तिचा ताण फारच कमी पडतो. साधं हिपॅरिन असेल तर ५००० युनिट, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर एनॉक्सापॅरिन अंगात साठतं, म्हणून मात्रा कमी करतात किंवा साधं हिपॅरिन निवडतात.

ते नेमकं कधी सुरू करतात?

ढोबळ उत्तर : रक्तस्रावानंतर २४ ते ४८ तासांनी, आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये गोळा वाढलेला नाही असं दिसल्यावर. तारखेपेक्षा स्कॅन महत्त्वाचा. रक्तदाब आटोक्यात नसेल, गोळा वाढत असेल, डोक्याचं ऑपरेशन तोंडावर असेल, प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या बारीक पेशी) फार कमी असतील, तर थांबतात. डोक्यात पाणी काढायची नळी घालायची किंवा काढायची असेल तर काही तास आधी डोस रोखून धरतात.

इथे एक कबुली दिली पाहिजे. पट्ट्यांच्या बाबतीत हजारो रुग्णांचा अभ्यास आहे. इंजेक्शनच्या बाबतीत रक्तस्रावाच्या रुग्णांवरचे, इंजेक्शन कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नीट अभ्यास मोजके आणि लहान आहेत, काही तर शंभरपेक्षाही कमी रुग्णांचे. त्यांत गोळा वाढल्याचं दिसलं नाही, फुप्फुसातल्या गुठळ्या कमी होण्याकडे कल दिसला. म्हणूनच २०२२ च्या सूचनांची भाषा मशीनबद्दल ठाम आणि इंजेक्शनच्या वेळेबद्दल जपून बोललेली आहे. एका हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी दिलं आणि दुसरीकडे चौथ्या दिवशी, तर दोघांपैकी कुणी निष्काळजी ठरत नाही. पण आठवडा उलटला, रुग्ण हलत नाही, पायाला काही नाही आणि पोटालाही काही नाही, तर मात्र विचारायलाच हवं.

पोटावर काळे-निळे डाग पडलेत. आतही रक्त येत असेल का?

इंजेक्शन पोटाच्या चरबीत, बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून देतात. तिथे छोटे डाग पडणं नेहमीचं. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, चोळल्याने डाग मोठा होतो. रोज जागा बदलायची. तयार सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसतो, पूर्ण डोस द्यायचा असेल तेव्हा तो काढायचा नसतो. औषधाचा शेवटचा थेंब आत ढकलायला तो असतो.

डाग तळहाताएवढा झाला, कडक झाला, लघवी लाल झाली, शौच डांबरासारखं काळं झालं, तर सांगा. आणि रुग्ण अचानक जास्त झोपाळू झाला, उलटी झाली, डोकं फार दुखायला लागलं, हाताची ताकद आणखी गेली, तर ती डोक्याची तक्रार समजून लगेच सांगा. इंजेक्शनाशी संबंध आहे की नाही ते स्कॅन ठरवेल.

दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट का तपासतात?

हिपॅरिनची एक विचित्र प्रतिक्रिया असते. क्वचितच होते, पण झाली तर वाईट. औषध सुरू केल्यापासून ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्याने वगैरे घसरतात, आणि गंमत अशी की रक्तस्राव न होता उलट गुठळ्याच होतात. साध्या हिपॅरिनने ही जास्त होते, एनॉक्सापॅरिनने कमी. अशी शंका आली की हिपॅरिनच्या कुळातलं सगळंच बंद.

इंजेक्शनऐवजी गोळी नाही का देता येणार? निदान अ‍ॅस्पिरिन?

या टप्प्यावर नाही. अ‍ॅस्पिरिन मुख्यतः धमन्यांमधल्या गुठळ्यांसाठी. शिरांमधल्या गुठळीपासून या रुग्णांना वाचवायला ते वापरत नाहीत. नव्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा परिणाम लांबतो आणि गरज पडली तर पटकन उलटवणं अवघड. इंजेक्शनचा परिणाम तासांत उतरतो, आणि घाई असेल तर प्रोटामाइन नावाचं उतारा-औषध आहे. साध्या हिपॅरिनला ते पूर्ण आवरतं, एनॉक्सापॅरिनला बरंचसं.

रक्ताची तपासणी करून गुठळी आधीच ओळखता येत नाही?

डी-डायमर नावाची तपासणी तुम्हाला कुणीतरी सांगितली असेल. एरवी ती उपयोगी. पण मेंदूत एवढं रक्त सांडून गोठलेलं असताना ती तशीही वाढलेलीच येते, तेव्हा 'वाढली' यावरून पायाबद्दल काही कळत नाही. शंका आली तर पायाची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी. टोचणं नाही, किरण नाहीत, पलंगापाशी होते. फुप्फुसाची शंका असेल तर छातीच्या धमन्यांचं सीटी.

आम्ही पायाकडे बघून काय ओळखायचं?

पुस्तकात लिहिलेलं असतं : पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो, लालसर होतो. पण आपल्या रुग्णाला त्या बाजूची संवेदनाच नसेल तर दुखणार कसं? बोलणं गेलं असेल तर सांगणार कसं? मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झालेल्या काहींना तर आपला डावा पाय आपला आहे याचंही भान नसतं. शिवाय लुळा पाय लोंबता राहून तसाही थोडा सुजतो. म्हणून डोळ्यांवर भिस्त न ठेवता टेप वापरा. गुडघ्याच्या खालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करायची आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर त्याच जागी मोजायचा. दोन्हींत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, किंवा काल सारख्या असलेल्या आज वेगळ्या झाल्या असतील, तर सांगायचं. एक मावशी रोज संध्याकाळी शिवणकामाच्या टेपने यजमानांच्या पोटऱ्या मोजून वहीत लिहायच्या. डॉप्लर सांगायला आम्हाला त्या वहीची एक ओळ पुरली.

फुप्फुसाची खूण वेगळी : अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, नाडी धावणं, ऑक्सिजन विनाकारण उतरणं, चक्कर येऊन पडणं, थुंकीत रक्त. इथे थांबून बघण्यासारखं काही नाही.

लुळ्या पायाला तेल लावून जोरात चोळलं तर रक्त फिरेल ना?

हात फिरवा, बोला, स्पर्श करा. पण रगडू नका. आत गुठळी धरलेली असेल तर दाबून चोळण्याने ती सुटून वर जाऊ शकते, आणि ती धरलीय की नाही हे वरून कळत नाही. पाय सुजलेला असेल तर डॉप्लर होईपर्यंत अजिबात नाही. त्याऐवजी फिजिओकडून घोटा वर-खाली हलवायचं शिकून घ्या, चांगल्या पायाचा घोटा रुग्णाला स्वतः हलवायला लावा.

लवकरात लवकर उठवून चालवलं तर सगळेच प्रश्न सुटतील, नाही का?

आम्हालाही तसंच वाटत होतं. 'अ‍ॅव्हर्ट' नावाचा अभ्यास २०१५ मध्ये आला, २१०४ स्ट्रोकच्या रुग्णांचा, त्यात रक्तस्रावाचेही होते. पहिल्या २४ तासांतच वारंवार, भरपूर उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची अवस्था नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा चांगली नव्हे, किंचित वाईट निघाली. तेव्हा पहिल्या दिवशी घाई नको. त्यानंतर रक्तदाब स्थिर असेल तर थोडं थोडं, दिवसातून अनेकदा : आधी टेकून बसवणं, मग पाय खाली सोडून, मग खुर्ची.

खुर्चीत दोन तास पाय लोंबते ठेवून बसवणं म्हणजे चालणं नव्हे, एवढं लक्षात असू द्या. तिथेही पट्ट्या लावता येतात. अंगात पाणी कमी पडू न देणंही महत्त्वाचं, पण किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. काही रुग्णांत मेंदूची सूज आणि सोडियमचा हिशोब असतो.

एवढं करूनही गुठळी झाली तर?

मग खरी कसरत. उपचाराला पूर्ण मात्रा लागते आणि मेंदू ताजा जखमी असतो. रक्तस्राव होऊन किती दिवस झाले, गोळा केवढा, गुठळी पोटरीत की मांडीत, फुप्फुसात गेलीय का, यावरून न्यूरोचे आणि फिजिशियन मिळून ठरवतात. पोटरीतली छोटी असेल तर कधी कधी नुसती पुन्हा पुन्हा डॉप्लर करून नजर ठेवतात. मांडीतली असेल आणि पूर्ण मात्रा अजून देता येत नसेल, तर पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी एक जाळी बसवतात. ती गुठळी होऊ देणं थांबवत नाही, वर जाणारा तुकडा अडवते.

त्या जाळीबद्दल एकच आग्रह : ती काढायची असते. पूर्ण मात्रा सुरू झाली की तिचं काम संपतं, आणि आत राहिली तर काही काळाने पायातल्या गुठळ्या वाढवते. डिस्चार्जच्या कागदावर "जाळी बसवली आहे, अमुक तारखेला काढण्याबाबत भेटा" हे लिहून घ्या. घरी गेल्यावर ती विसरली जाते, हा अनुभव आहे.

त्यांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी आधीपासून रक्त पातळ ठेवायची गोळी होती. ती आता परत?

हा वेगळा प्रश्न आहे, पोटातल्या छोट्या इंजेक्शनशी त्याची गल्लत करू नका. ते काही आठवड्यांच्या बचावासाठी, ही गोळी आयुष्यभरासाठी. २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या 'प्रेस्टीज-एएफ' अभ्यासात अशा रुग्णांना नव्या गोळ्या परत सुरू केल्यावर मेंदूची धमनी गुठळीने बंद होणारे झटके खूप कमी झाले, पण मेंदूतला रक्तस्राव पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. रक्तस्राव मेंदूच्या खोल भागात होता की वरच्या थरात, एमआरआयवर जुन्या बारीक रक्तस्रावांचे ठिपके किती, रक्तदाब किती काबूत, हे पाहून सहसा काही आठवड्यांनी ठरवतात. काहींना गोळीऐवजी हृदयातला एक छोटा कप्पा बंद करण्याचा मार्ग असतो. तोवर घरात उरलेली जुनी पाकिटं आपल्या मनाने सुरू करू नका.

मेंदूभोवती रक्त, धमनीला आलेला फुगा फुटला असं सांगितलंय. तिथेही हेच?

मशीन तीच. इंजेक्शनला मात्र फुग्याचा बंदोबस्त, म्हणजे क्लिप (चिमटा) किंवा कॉइल (आत भरलेली बारीक तार) लावून तो बंद करणं, होईपर्यंत थांबतात, आणि त्यानंतर साधारण दिवसभराने देतात. कवटीखाली साचलेलं रक्त ऑपरेशन करून काढलं असेल तर नंतरच्या स्कॅनमध्ये पुन्हा साचलेलं नाही हे बघून.

हे सगळं किती दिवस? घरी गेल्यावर काय?

माणूस स्वतःच्या पायावर रोज बऱ्यापैकी चालू लागेपर्यंत, किंवा घरी जाईपर्यंत. क्लॉट्स ३ मध्ये पट्ट्या जास्तीत जास्त ३० दिवस ठेवल्या होत्या. अंथरुणाला खिळूनच घरी जाणाऱ्यांसाठी सरसकट नियम नाही, डिस्चार्जच्या दिवशी "इंजेक्शन थांबलंय की चालू ठेवायचंय, किती दिवस?" हे विचारून उत्तर कागदावर घ्या. बऱ्याचदा ते कुणीच स्पष्ट बोलत नाही, आणि घरचे एकतर घाबरून बंद करतात किंवा महिनोन् महिने देत राहतात.

घरी पहिले तीन महिने पोटऱ्या मोजत राहा. पाय सुजला तर त्याच दिवशी डॉप्लर. धाप लागली तर डॉप्लरची वाट न बघता थेट इमर्जन्सीत, आणि दारातच सांगा की मेंदूत रक्तस्राव होऊन इतके आठवडे झालेत. धाप पाहून तिथले डॉक्टर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा विचार करतील, आणि त्या औषधाआधी त्यांना हीच एक गोष्ट कळायला हवी असते.